ताईचा हिरवा गाल

पेंटरने उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घातली होती. फळवाल्याच्या पाटीवर त्याचं सफरचंद म्हणजे लालभडक, तुळतुळीत, एका बाजूला पांढरा ठिपका. तीस वर्षांत त्यात काडीचा फरक नाही. एका सकाळी वाचनालयाची पाटी रंगवून झाली, तशी ग्रंथपालबाईंनी त्याच्यापुढे चित्रांचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं. वर चित्रकलेच्या कुठल्याशा जुन्या युरोपी पंथाचं नाव लिहिलं होतं, 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद'. ते वाचतानाच त्याला धाप लागली. पान उलटलं आणि तो उडालाच.

टेबल कललेलं, सफरचंदं आता घरंगळणार असं वाटावं, तरी दगडासारखी ठाम! पुढच्या पानावर एका बाईचा चेहरा. गाल चक्क हिरवा, आणि बाई अगदी जिवंत.

"बाई, असं चालतं?"

"शंभर वर्षांवर झाली, चालतंय," त्या हसल्या. "या पुस्तकातल्या चित्रकारांनी पुढच्या कितीतरी जणांना वेड लावलं."

पेंटर सायकल दामटत घरी आला. थोरली बहीण स्वयंपाकघरात कांदे निवडत होती. ताई निवृत्त नर्स. जबडा जन्मापासून वाकडा, म्हणून फोटो म्हटलं की ती पसार.

"ताई, हलू नकोस!"

"का रे, अंगावर पाल आहे का?"

"तुझं चित्र काढतोय."

"भलतंच! या तोंडाचं?"

"तेच तर हवंय!"

त्याने प्लायवुड टेकवलं, पाट्यांचेच डबे उघडले. सवयीने हात जबडा सरळ करायला निघाला. त्याने तो आवरला आणि जाड निळ्या रेषेने वाकडेपणा ठसठशीत केला. गालाला हिरवा, कपाळाला नारिंगी. टेबल कललं, कांदे जांभळे झाले. जेवणाची वेळ टळली. ताई करवादली, पण जागची उठली नाही.

चित्र झालं तशी ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हिरवी का रे मी?"

"खिडकीतून झाडाचा उजेड येतोय ना."

"हं. वाकडीच आहे," ती सावकाश म्हणाली. मग डोळे चमकले. "पण कुणाच्या बापाला भिणार नाही अशी दिसतेय! वॉर्डात डॉक्टरांना झापायचे ना, तेव्हाची मी!"

बैठकीच्या खोलीत खिळा तिनेच ठोकला. रविवारी तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, पोट धरधरून हसल्या आणि मग 'आधी मी, आधी मी' म्हणून भांडू लागल्या. शेवटी जाडजूड मेट्रनबाईंनी सगळ्यांना बाजूला सारून खुर्ची पटकावली.

"हनुवट्या दोन आहेत," त्यांनी बजावलं. "दोन्ही रंगव!"