सामाईक विहिरीवरचा फासा

मी वीस बाजूंचा फासा बोलतोय. हसू नका! तुमच्या ओळखीचा तो ल्युडोतला सहा बाजूंचा, तो माझा धाकटा भाऊ समजा. मी बोराएवढा, जांभळा. कुठल्या कारखान्यात जन्मलो कोण जाणे. कुरियरच्या खोक्यातून बाहेर पडलो तो निमगाव केतकीत, सुयोगच्या तळहातावर.

सुयोग डाळिंबाचा बागायतदार, पण भारी नादी माणूस. रविवारी दुपारी पॅकिंग शेडमध्ये तो गोष्ट रचायचा आणि बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे. बायको मोना चेटकीण, चुलतभाऊ दीपक सरदार. सरदार खंदकावरून उडी मारतो म्हणाला, की मला टाकायचं. वीस पडले तर पार, एक पडला तर खंदकात!

सुयोगच्या आईनं, सरुबाईनं मला पाहिलं आणि शेड डोक्यावर घेतली. "माझ्या घरात जुगार न्हाय चालायचा!"

"आत्या, जुगार न्हाय, गोष्ट हाय," मोना म्हणाली. सरुबाईला काही ते पटलं नाही.

पण सुयोगचं मन कुठं टिकतंय? किल्ल्यातली भुतं संपायच्या आत अंतराळातले चाचे आणले, चाचे जरा रुळतात तोच गुप्तहेर. या उन्हाळ्यात तर कहरच केला. बिनफाशाचा खेळ! "कोण हरणार ते आपणच समजुतीनं ठरवायचं," म्हणाला. समजुतीनं? एका विहिरीवर दोन घरांच्या दोन पाण्याच्या मोटारी असलेल्या माणसांनी?

मी क्रेटखाली धूळ खात पडलो. झाडताना सरुबाईनं मला उचललं आणि कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत टाकलं. संपलं आपलं, असं मला वाटलं.

कसलं काय! सरुबाई आणि तिची जाऊ धोंडाबाई, म्हणजे दीपकची आई, लाईट आली की सामाईक विहिरीवर मलाच टाकायच्या. जिचा आकडा मोठा, तिची मोटार आधी. "हा जुगार न्हाय बया, ही पाळी हाय," असं सरुबाई मला ऐकवायची. वा गं वा!

इकडं शेडमध्ये, मला मागाहून कळलं, कुणी हरेचना. मोनानं सरदाराला जाळलं, तर दीपक म्हणे, "जळलो न्हाय. चिलखत वलं हुतं."

"भाऊजी, तुमी कधी हरायचंच न्हाय का?"

"मग तुमीच हरा की, वहिनी!"

सरदारावरून गाडी पाइपावर आली, पाइपावरून बांधावर. दीपक ताडकन उठला. "उद्या विहिरीत मधी भिंत घालू. तुमचं पाणी तुमाला, आमचं आमाला!"

सुयोगचं तोंड एवढंसं झालं. आज्यानं खणलेली विहीर, आणि तिच्यावरची ही दोन घरं अजून एका चुलीची असल्यासारखी राहत होती. खरं सांगतो, विहिरीवर चंचीत ते भांडण कानावर आलं आणि मी घाबरलो.

आरडाओरडा ऐकून दोघी जावा विहिरीवरून धावत आल्या. सगळं ऐकून सरुबाईनं चंची सोडली आणि मला क्रेटवर आदळलं.

"आई, हा तुझ्याकडं?" सुयोग ओरडला.

"गप बस. टाक रं दीपक, तुझा सरदार जळतो का बघू. विहिरीवर पाळी हरले की मी ह्या मुडद्याला शिव्या घालते. माझ्या जावंला न्हाय."

धोंडाबाई म्हणाली, "व्हय. मी बी."

दीपकनं मला घोळवलं, फुंकर मारली, फेकलं. गडगडत गेलो. मी कुणाचा पक्ष घेत नाही हो, पण पडलो तो एकावर.

सरदार जळाला. चिलखतासकट.

 मग दीपकनं माझ्याकडं बोट दाखवलं, "अरं, ह्या भिकारड्यालाच टाका विहिरीत!" आणि तोच आधी हसला. मोनानं चहा टाकला. भिंतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता रविवारी मी शेडमध्ये, बाकीचे दिवस चंचीत, सुपारीच्या वासात. सुयोगनं पुन्हा खेळाचं नवीन पुस्तक मागवलंय. त्यात म्हणे फाशाऐवजी पत्ते असतात. मागव बाबा, मागव!

तुम्हाला एकच मागणं. हरायची पाळी आली, तर आपल्या माणसावर डोळे काढू नका. मला फेका, मला शिव्या घाला. मी कुणाच्या विहिरीवर हक्क सांगायला येत नाही.