चार बांगड्या आणि दोन बादल्या

माझ्या भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. तिला रविवारच्या गटात शिरायचं होतं. तिथली मुलं तळघरातल्या पार्किंगमध्ये रिमोटच्या गाड्यांचं ड्रिफ्टिंग करतात, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवत नेतात. गटात येण्याची अट एकच: दोन बादल्यांभोवती तसाच घसरत आठचा आकडा काढायचा, बादलीला न शिवता.

भिंगरीची गाडी कुणीतरी वापरून टाकलेली. रबरी टायर जमिनीला असे धरून बसायचे की वळणावर ती घसरायच्या ऐवजी कोलांटी मारायची. आणि ड्रिफ्टचे टायर गाडीपेक्षा महाग.

"मामा, तू प्लंबर ना? मग काहीतरी गुळगुळीत दे."

मी प्लास्टिकच्या पाइपच्या चार बांगड्या कापल्या, उकळत्या पाण्यात मऊ केल्या आणि टायरांवर चढवल्या. गार होताच त्या घट्ट बसल्या.

रविवारी गाडी डावीकडे लोण्यासारखी घसरली. उजवीकडे मात्र गर्रकन फिरून बादलीवर आदळली.

"एका कानाने बहिरी आहे वाटतं," गटाचा कप्तान म्हणाला. "अजून एक संधी. नाहीतर सुट्टी संपल्यावर बघू."

भिंगरीने गाडी उलटी करून चाकांवर बोट फिरवलं. "मामा, उजवीकडची दोन खरखरीत का?"

मला आठवलं. तीस वर्षं मी पाइप जोडण्याआधी पॉलिश पेपरने घासतोय. सवयीने दोन बांगड्या घासल्या, तेवढ्यात ताईचा फोन आला. उरलेल्या तशाच राहिल्या.

"न घासता पाइप लावला असता तर माझ्या उस्तादाने कान पिळला असता."

"आता मी पिळते."

उपाय मला दिसत होता. पण मुलांच्या हातातलं कोडं हिसकावू नये, म्हणून मी मिठाची गुळणी धरली.

"गुळगुळीत तर करता येणार नाहीत," ती पुटपुटली. मग तिने डाव्या चाकांवर बोट फिरवलं. "पण सारखी करता येतील."

तिने डावीकडची दोन चाकं सिमेंटच्या खांबावर घासली. थोडं घासायचं, गालाला लावून बघायचं, पुन्हा घासायचं. चारही गालाला सारखी लागली तेव्हाच गाडी खाली ठेवली.

डावं वळण झालं. उजव्याला गाडीचं शेपूट बाहेर गेलं. भिंगरीने चाकं उलट्या बाजूला वळवली, आणि गाडी बादलीपासून बोटभर अंतराने आडवी निघून गेली.

कप्तानाने वाकून बादली तपासली. "शिवली नाही," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "पाइप अजून आहे का?"

"पाइप मामाकडे," भिंगरी म्हणाली. "घासायचं काम माझ्याकडे."