टोपीखालचा उत्तर ध्रुव

मी एक जुना पृथ्वीगोल आहे मित्रांनो, टोपी अडकवायची खुंटी नव्हे! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कुवेतमधल्या सालमियाच्या या फ्लॅटमध्ये गेली नऊ वर्षं सगळ्यांचा तसाच समज झाला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडल्या, वर रंगीत देशांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मी गोल झालो. रत्नागिरीहून इथे आलेल्या यूसुफनी मला फहाहीलच्या बाजारातून थोरल्या मुलीसाठी, मेहविशसाठी आणलं. काय ते दिवस होते! आईच्या, म्हणजे झुलेखांच्या, शिवणाच्या डब्यातला दोरा माझ्यावर ताणून ती अंतरं मोजायची. पुढे ती नर्स व्हायला नॉर्वेत, ट्रोम्सोला फरहतआत्याकडे गेली आणि मी कपाटावर गेलो. माझ्या डोक्यावर यूसुफची टोपी आली. भिंतीवर मात्र जगाचा सपाट नकाशा ऐटीत लागला.

गेल्या शुक्रवारी मेहविशचा फोन आला. ट्रोम्सोच्याही उत्तरेला, लाँगइयरब्येनच्या छोट्या रुग्णालयात तिला सहा महिन्यांचं काम मिळत होतं. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि अब्बांना दुखवून जायची तिची तयारी नव्हती.

यूसुफ नकाशापुढे उभे राहिले. जगातल्या सगळ्या अंतरांना त्यांचं माप एकच, कुवेत ते रत्नागिरी. या नकाशावर ते त्यांच्या वितीत बरोबर बसतं. तीच वीत त्यांनी वर ट्रोम्सोवर ठेवली. लाँगइयरब्येनपर्यंत ती पुरेना!

"बघ गो झुलेखा, आपल्या गावापेक्षा लांब! पोर आजारी पडली तर फरहत कधी पोचायची तिथे? नको म्हणून सांग तिला."

"अब्बा, प्लीज! फोनवर बघा ना," धाकटी झरीन म्हणाली. "साडेनऊशे किलोमीटर. फ्लाइट पावणेदोन तासांची."

"फोनचं राहू दे. मी डोळ्यांनी बघतोय ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची म्हणून या नकाशाने उत्तर ओढूनताणून तिपटीहून जास्त फुगवली, आणि त्याच्या भरवशावर माझ्या मेहविशचं काम जाणार? खरं अंतर माझ्या अंगावर होतं. पण नेमका तोच प्रदेश टोपीने झाकलेला!

झुलेखा उठल्या. त्यांनी मला खाली उतरवलं, टोपी काढली, ओढणीने धूळ पुसली. शिवणाच्या डब्यातला दोरा कुवेतवरून रत्नागिरीपर्यंत ताणला आणि तोडला. मग तोच तुकडा ट्रोम्सोवर धरला. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच लाँगइयरब्येन आलं. उरलेला दोरा खाली लोंबत राहिला.

"आता बघा डोळ्यांनी," त्या म्हणाल्या.

यूसुफनी स्वतः दोनदा मोजलं. मग फोन उचलला. "जा बेटा. पोचलीस की आधी आत्याला कळव, मग मला."

घरात आनंद झाला. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही! मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिच्याजवळचं खरं खोटं होत नाही. तिला वापरू नका हवं तर, पण निदान झाकून ठेवू नका.

संध्याकाळी नमाजहून आल्यावर यूसुफनी टोपी काढली. सवयीने हात माझ्याकडे आला. मी जीव मुठीत धरला. हात थबकला, मागे वळला, आणि टोपी नकाशाच्या खिळ्याला लागली.