कानामागचे चार केस

"मामा, जरा हळू. तिथं हुळहुळतंय," गणिताच्या बाई म्हणाल्या.

मी वस्तरा उचलला. त्यांच्या उजव्या कानामागे, बटणाएवढ्या जागेत, चार काळे केस ताठ उभे होते. बाईंचं डोकं पार पिकलेलं, केस कापसासारखा मऊ. हे चार मात्र ब्रशच्या तारेसारखे राठ, मुळाशी जाड आणि टोकाला डावीकडे वळलेले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाई." मी चारही केस साफ काढले. हात सवयीनं चालतो. मग मात्र वस्तरा पुसता पुसता ध्यानात आलं, हे केस मी तिसऱ्यांदा पाहत होतो.

सव्वीस वर्षं मी या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रोग्यांचे केस काढतो. नाव कुणी विचारत नाही, सगळ्यांचा मी मामा. आता इथं सगळं यंत्रं करतात. रक्त यंत्र काढतं, कूस यंत्र बदलतं, गोळी गिळली का हेही यंत्रच विचारतं. पण सुरकुतलेल्या कातडीवर वस्तरा चालवणं यंत्राला जमलेलं नाही. एक आणलं होतं, त्यानं पहिल्याच दिवशी एका वकिलाचा कान सोलला. तेव्हापासून माझ्या वाटेला कुणी जात नाही.

माझ्यानंतर रोगी तपासणीच्या यंत्रात जातो. ते अंगावरचा तीळन् तीळ टिपतं, पण त्याला केस चालत नाही. म्हणून आधी मी, मग यंत्र, मग डॉक्टर. माझं काम झालं की फॉर्मवर 'त्वचा स्वच्छ' या चौकटीत मी सही करतो. माझी सही असली की डॉक्टर पुन्हा बघत नाहीत, याचा मला अभिमान होता.

दीड वर्षापूर्वी झिजलेल्या गुडघ्यांसाठी पेशींचं इंजेक्शन आलं. आम्ही त्याला 'बी' म्हणतो. पहिल्या बीनं गुडघ्यात नवी गादी धरते, तीन महिन्यांनी दुसरं बी घालून ती पक्की करतात. दुसरं घातलं नाही तर गादी हळूहळू विरते. दुसऱ्या वेळी भुलीचा अंदाज घेणारी चकती कानामागे चिकटवतात, म्हणून गुडघ्याबरोबर तिथलेही केस मी काढतो. बहुतेकांच्या कानामागे नेहमीची लव असते. ती माणसं दुसरं बी घेऊन हसतखेळत घरी जातात.

एका बसड्रायव्हरच्या कानामागे मला ते चार केस पहिल्यांदा दिसले. दुसरं बी घेतल्यावर चौथ्या दिवशी त्याचा श्वास अडकला आणि तो गेला. मग एक माळी. तोही तसाच गेला. केसाची जात मला कळते. एकाचा केस दुसऱ्यासारखा नसतो. आणि इथं तीन अनोळखी माणसांच्या अंगावर एकाच माणसाचा केस उगवला होता.

मी सिस्टरना बाजूला घेतलं. "हे बी कशाचं बनवतात हो?"

"एकाच माणसाच्या पेशी वाढवून. का?"

"त्याचे केस काळे, राठ असणार. टोकाला डावीकडे वळलेले."

सिस्टर हसल्या नाहीत. "मामा, गुडघ्यात घातलेलं कानामागे कसं उगवेल?"

"तेच तर. कानामागे उगवतंय, मग फुप्फुसात काय उगवत असेल?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे माझ्याकडे बोललात ते ठीक. दुसरीकडे बोलू नका."

अर्ध्या तासात बीच्या कंपनीचा माणूस माझ्या खोलीत हजर. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. आजवर त्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. "मामा, बरे आहात ना? केसांचा अभ्यास चाललाय म्हणे?" मी फक्त सिस्टरशी बोललो होतो. त्या दिवसापासून मी माझा चहाही स्वतःच्या डब्यातून आणू लागलो.

तरीही मी तडक डॉक्टरांकडे गेलो. बाईंना दुसरं बी मिळायला तास उरला होता. डॉक्टर माणूस वाईट नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. ड्रायव्हर, माळी, बाई. तिन्ही फॉर्मवर 'त्वचा स्वच्छ', खाली माझी झोकदार सही.

"यंत्राला काही दिसलं नाही. तुम्हीही काही लिहिलं नाही. मी कशाच्या जोरावर थांबवू?"

"मी काढले ना केस! म्हणून दिसले नाहीत."

"मग दाखवायला काय आहे तुमच्याकडे?"

काय असणार? पाण्यात वाहून गेलेला फेस. सव्वीस वर्षं मी इतकं चोख काम केलं, की पुरावा उगवला तसा मीच तो गुळगुळीत करून पुढे पाठवला. बाईंचे केस तसेच ठेवले असते तर यंत्र तिथंच अडलं असतं. हे मला आधी सुचलं नाही, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

बाईंना दुसरं बी दिलं गेलं. चौथ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांची खाट रिकामी होती. उशाशी त्यांचा चष्मा राहिला होता. तो न्यायला बहीण आली होती, ती तो पुसतच राहिली.

आणि गुरुवारी माझ्या बायकोचं दुसरं बी होतं.

घरी आलो तेव्हा ती खिडकीशी शिवत बसली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती खाली उतरली नव्हती. पहिल्या बीनंतर रोज बागेत जाते, पाव स्वतः आणते, दुकानदाराशी भांडूनही येते.

"मान खाली घाल," मी म्हणालो.

"आल्या आल्या काय हे?"

"घाल म्हणतो ना."

कानामागे काहीच नव्हतं. अगदी काहीच नव्हतं, नेहमीची लवसुद्धा नाही. फक्त चार बारीक लाल ठिपके. मी तिचा शिवणाचा डबा उघडला. सुयांखाली माझा चिमटा होता.

"किती दिवस उपटतेयस?"

तिनं सुई कापडात खोवली. "महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"भलतेच केस उगवलेत असं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं बी घेऊ दिलं असतं? दोन वर्षं या खिडकीतून मी माणसांच्या टाळू बघितल्यात हो. चेहरे नाही."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी तिला ड्रायव्हर, माळी आणि बाई, तिघांचंही सांगितलं. तिनं हातातलं शिवण घडी घालून ठेवलं.

"बाईंना कोण होतं?"

"बहीण."

"हं." मग म्हणाली, "उद्या नको. उद्या त्यांना स्वच्छच दिसेल."

"परत यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"पाचेक."

तिनं चिमटा माझ्या हातात ठेवला.

पुढच्या मंगळवारी तिनं केस उंच बांधले, कान मोकळे राहतील असे. जिने स्वतः उतरली. सिस्टरनी फॉर्म पुढे केला. "मामा, तयारी करून घ्या." मी वस्तऱ्याची पेटी उघडलीच नाही. चौकटीत लिहिलं, 'केस आहेत. काढणार नाही.' आणि खाली सही केली.

सिस्टरनी वाचलं. मला वाटलं, आता फोनकडे जातील. त्यांनी बायकोच्या दंडाला धरलं आणि तिला यंत्रापुढे बसवलं.

यंत्र बोलू लागलं. "केस आढळले. तयारी अपूर्ण." पुन्हा तेच, पुन्हा तेच. कंपनीचा माणूस धावत आला. या वेळी तो हसत नव्हता. "मामा, हे काय चाललंय? आटपा की!" मी हात मागे बांधून उभा राहिलो. शेवटी त्या आवाजाला कंटाळून डॉक्टर स्वतः बाहेर आले.

त्यांनी भिंग घेतलं आणि वाकले. बायकोनं मान खाली घातली. डॉक्टर इतका वेळ तसेच राहिले की मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसला. मग सरळ होऊन ते सिस्टरना म्हणाले, "आजची यादी थांबवा. सगळी."

कंपनीचा माणूस फोन घेऊन बाहेर गेला. डॉक्टरांनी बायकोच्या छातीची चित्रं काढायला सांगितली. तिनं त्यांना एकच विचारलं, "आता मला दुसरं मिळणार नाही ना?"

"नाही, बाई."

"आणि आत जे आहे ते?"

"आधी चित्रं बघू," डॉक्टर म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे.

बाहेर आल्यावर मी रिक्षा बघू लागलो. तिनं माझी बाही ओढली.

"बागेकडून जाऊ," ती म्हणाली. "लांब पडेल, पण चालत जाऊ. जमतंय तोवर."

मी पेटी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तिला दिला. तिनं तो धरला नाही. पुढे चालत राहिली, केस उंच बांधलेले, कान मोकळे.