तिरफळाची बरणी

खुळुक.

एवढासाच आवाज, पण दुपारच्या निवांत स्वयंपाकघरात तो मेघनाला केवढा तरी मोठा वाटला. फडताळातून काढलेली हिरव्या झाकणाची बरणी तिने कानाजवळ नेऊन पुन्हा हलवली. खुळुक, खुळुक. मैद्यासारख्या बारीक पावडरीला आवाज कुठला? आत काहीतरी पडलं होतं.

तिने झाकण फिरवलं आणि हिंगाचा भपकारा नाकात गेला. पांढऱ्या पावडरीवर बोराएवढा हिंगाचा खडा ऐटीत बसला होता.

"आई," तिने सासूला हाक मारली. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून मारली, म्हणून जास्तच ताठ निघाली.

शांताबाई आतल्या खोलीतून आल्या. चेहऱ्याला पावडर, अंगावर अर्धी नेसलेली जांभळी साडी, निऱ्या हातात. सकाळपासून त्यांची तयारी चालली होती. आज चार वाजता त्यांना सुनेबरोबर परळला, तिच्या कंपनीत जायचं होतं.

"ह्यात हिंग कोणी घातला?"

"मीच. मसाल्याच्या बरणीत हिंग घालतातच. किडा नाय लागत."

"हा मसाला नाहीये, आई. ह्याला हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस. पण मागे उघडून बघितला तर त्याचा वास मेलेला. काय म्हणजे काय नाय. म्हटलं, पोरीची एवढी मेहनत फुकट जायची."

मेघनाने बरणी ओट्यावर ठेवली. वास मेला नव्हता. वास आत होता, आणि आत राहावा म्हणूनच तर वर्षभर जीव काढला होता तिने. तिरफळाचा अर्क खोबरेल तेलात उतरवायचा, ते तेल डिंकाच्या पाण्यात घुसळून घुसळून दुधासारखं करायचं, आणि मग ते दूध कंपनीतल्या उंच मनोऱ्यात गरम हवेवर फवारायचं. थेंब खाली पडेपर्यंत सुकतो, आणि तेलाच्या कणाभोवती डिंकाची भिंत उभी राहते. भिंत धड असेल तर बरणी उघडल्यावर वास येताच कामा नये. वास आला की समजायचं, भिंत फुटली.

शांताबाईंना हे तिने दोनदा सांगितलं होतं. "बिनवासाचा मसाला. नवलच आहे गो बाय तुमचं," म्हणून त्या हसल्या होत्या.

आज ज्यांना ही पावडर दाखवायची, ते लोक माशाच्या आमटीचं तयार पाकीट काढणार होते. एसीत ठेवलेली पावडर टिकते, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं म्हणणं. मुंबईचा पावसाळा काढलेली, रोजच्या स्वयंपाकघरातली बरणी आणा, आणि तिरफळ ओळखणारं घरचं माणूस आणा. तेव्हा मेघनानेच अभिमानाने सासूचं नाव सुचवलं होतं. लालबागच्या डंकावर मसाला कुटायला येणाऱ्या बायका आधी शांताबाईंच्या नाकाखाली मूठ धरायच्या. धणे जास्त भाजलेत की मिरची जुनी आहे, त्या डोळे मिटून सांगायच्या. तिचे साहेब, चिंतामणी सर, खूश झाले होते. मात्र हेही स्पष्ट बोलले होते, की हे उभं राहिलं नाही तर तिरफळाचं काम बंद, आणि मेघनाने महाडच्या कारखान्यावर जायचं. पाच वर्षांच्या लेकीला, मनवाला, इथे ठेवून.

आणि आता त्या बरणीत हिंग.

"मनू, गरम पाणी देते, दोन वाट्या ठेव इथे," मेघना म्हणाली. मनवा हे काम आवडीने करायची. तिच्या लेखी हा जादूचा खेळ होता. एका वाटीत हिरव्या झाकणाची पावडर, दुसरीत पांढऱ्या झाकणाची. पांढऱ्या झाकणाची म्हणजे कोरी. तेच तेल, तोच डिंक, फक्त तिरफळ नाही. ताडून बघायला. ती मनवाने आपली आपण वाटीत घातली.

मेघनाने खडा काढला, वरचा थर खरवडून टाकला आणि तळातली चमचाभर पावडर दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात सोडली. पाणी दुधाळ झालं. तिने वाटी नाकाशी नेली.

आधी हिंग आला, पुसटसा. मग त्याच्या मागून लिंबाच्या सालीसारखं, ओल्या लाकडासारखं काहीतरी उमललं. तिने थेंब जिभेवर घेतला. जीभ झिणझिणली.

भिंती शाबूत होत्या. मेघना ओट्याला टेकली. 

"आई, जरा बघा ना. हिंग फार पुढे येतो का? माझं नाक आता हिंगानेच भरलंय."

शांताबाईंनी निऱ्या खोचल्या, हात पदराला पुसला आणि जवळची वाटी उचलली. डंकावर मिटायच्या तसे डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"नाय गो. हिंगाचं नाव नाय. तिरफळ मात्र काय सुटलंय. बांगड्याच्या तिखल्यात पडतं तसं अगदी."

"आजी, ती कोरी आहे," मनवा म्हणाली. "पांढऱ्या झाकणाची. मी ठेवली ना तिथे."

मेघनाने सासूच्या हातातून वाटी घेतली. हुंगली. गरम पाणी, खोबरेलाची किंचित चाहूल. बाकी काही नाही.

गेल्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं होतं. शांताबाई शेजारीच भाजी निवडत बसलेल्या, आणि मेघना जिन्यात वास आला म्हणून धावत आली होती. सिरियलमध्ये लक्ष होतं, म्हणाल्या होत्या.

"कधीपासून?"

शांताबाईंनी वाटीकडे पाहिलं, सुनेकडे नाही. "गणपतीच्या आधी ताप आला होता ना. येईल म्हटलं परत."

"आणि हिंग? हिंगाचाही नाही आला?"

"बरणीतून काय येईना, तेव्हा वाटलं हे मेलंय की मी. म्हणून खडा हुंगून बघितला." त्यांनी निऱ्या पुन्हा चाचपल्या. "मग टाकला आत. मसालाच मेला असं धरून चालले, झालं."

"सांगायचं ना मला."

"काय सांगू? डंकावर अजून बोलवतात बायका. तू सायबांना सांगून आलीस, आमच्या आईंचं नाक म्हणजे..." त्यांनी पदर खांद्यावर नीट बसवला. "तू कशाला घाबरतेस? वाटी तूच देशील ना हातात. मी म्हणेन तिरफळ. आहेच ना ते तिरफळ? मग खोटं कुठे झालं?"

मेघनाने वाटी खाली ठेवली. तिरफळ होतंच, तिच्या जिभेवर अजून झिणझिणत होतं. 'आज आईंना बरं नाही' एवढं म्हणायचा अवकाश, आजचं सगळं पुढे गेलं असतं, किंवा गेलंही नसतं, बंदच झालं असतं. आणि गप्प राहून दिली वाटी हातात, तर? भरल्या खोलीत कोणी सहज म्हणून दुसरीच वाटी पुढे केली तर?

ओट्यावर फोन थरथरला. चिंतामणी सर. 'निघालात का?'

शांताबाई आरशापुढे उभ्या राहून अबोली माळत होत्या. फुलं केसात खोवण्याआधी त्यांनी ती नाकाशी नेली, जुन्या सवयीने, आणि पटकन खाली घेतली. मेघनाने ते पाहिलं. अबोलीला वास नसतोच, हे त्या क्षणी दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

मनवाने मेघनाची ओढणी ओढली.

"आई, पावडरीतला वास गरम पाण्यात भिजवला की बाहेर येतो ना?"

"हो, राणी."

"मग आजीचं नाक कशात भिजवायचं?"