सातासमुद्रापलीकडची सवत

मित्रांनो, लोखंडाला हेवा वाटतो असे तुम्ही कधी ऐकले नसेल. मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे आणि मला हेवा वाटला. तोही एखाद्या नव्याकोऱ्या मशीनचा नव्हे. माझी सवत होती एक निवडणूक, आणि ती चालली होती थेट अमेरिकेत!

पहिल्यापासून सांगते. कारखान्यात माझा सांगाडा ओतला गेला, त्यावर काळा चकचकीत रंग चढला आणि सोनेरी वेलबुट्टी उमटली. शेवटी एका माणसाने पांढऱ्या कापडाची पट्टी सुईखाली सरकवून मला चालवून पाहिले. टाके एका रेषेत पडले. "ही गुणाची निघाली," तो शेजारच्याला म्हणाला. आयुष्यातले पहिले कौतुक कोणी विसरत नाही. मीही विसरले नाही.

तिथून मी टेलरबाईंच्या घरी आले. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांनी मला जागा दिली. डाव्या हाताला कापायचे टेबल, समोर आरसा, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा. सकाळचा उजेड थेट माझ्या सुईवर पडे. बाईंचे यजमान अकाली गेले, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. त्यानंतर घर आम्ही दोघींनी ओढले, बाईंनी आणि मी. शाळेचे गणवेश, झगे, कोट, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय शिवले म्हणून सांगू! एका नवरदेवाचा कोट लग्नाच्या सकाळी खांद्यात उसवला, तेव्हा तो धापा टाकत आमच्याकडेच आला होता. बाईंनी तो त्याच्या अंगावरून काढला आणि पाच मिनिटांत शिवून पुन्हा अंगावर चढवला. जाताना त्याने बाईंना नमस्कार केला आणि मला एक थाप दिली.

बाई माझ्याशी बोलत. "चल गं, एवढी बाही लावू आणि मग उठू," असे त्या म्हणाल्या की माझे चाक कसे भिंगरीसारखे फिरे. त्यांचे पाय, त्यांचे हात, त्यांचे डोळे, सारे माझेच होते. निदान मी तसे धरून चालले होते.

मुलगी शिकली आणि नर्स झाली. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली. ती गेली, त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच त्या देशात युद्ध पेटले. तिच्याबरोबर गेलेल्या काही जणी परतल्या. ती राहिली. आणि माझे दिवस फिरले.

मुलीने जाताना बाईंना एक फोन घेऊन दिला होता. आधी तो कपाटात असायचा. आता तो माझ्याच पाठीवर, दोऱ्याच्या रिळाला टेकून उभा राहू लागला. पसरट, गुळगुळीत, ना चाक ना सुई. त्यात काही उजळले की बाईंचे पाय पायडलवर थबकत. शिवण अर्धी टाकून त्या त्याच्याकडे बघत. मी ताटकळत राही.

तरी फोनचे एक वेळ समजले असते. त्यातून मुलगी बोलायची. पण पुढे त्यात अमेरिका शिरली.

याला कारण झाले समोरचे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळे दुरुस्त करायची आणि हात रिकामा झाला की जगाची काळजी करायची, असा त्यांचा स्वभाव. माणूस मात्र सोन्यासारखा. त्यांनी बाईंना सांगितले की मुलगी आहे तो देश अमेरिकेच्या शस्त्रांवर लढतो आहे आणि अमेरिकेत नोव्हेंबरात निवडणूक आहे. तेव्हापासून बाई रोज दुपारी दारात उभ्या राहून त्यांना हाक मारू लागल्या. एके दिवशी तर त्यांनी घड्याळजींना आतच बोलावले.

"मला एकच सांगा. कोण निवडून आला तर माझी पोर सुखरूप राहील?"

घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवले. "एक म्हणतोय, आमची शस्त्रं बंद, तुमचं भांडण तुम्ही मिटवा. दुसरा म्हणतोय, मित्राला वाऱ्यावर सोडणार नाही, शस्त्रं देत राहू."

"मग पहिलाच बरा की. शस्त्रंच नसतील तर लढतील कशानं?"

"तसं नसतं हो. यांची शस्त्रं आटली आणि समोरचा थांबला नाही, तर ते शहरच त्याच्या घशात जाईल."

"म्हणजे दुसरा बरा?"

"त्याच्यात शहर टिकेल, पण लढाई रेंगाळेल. आणखी वर्ष, दोन वर्षं..."

"अहो, तुम्ही घड्याळ दुरुस्त करता की नुसतं खोलून ठेवता?" बाई वैतागून म्हणाल्या.

घड्याळजी ओशाळून हसले. पण बाई हसल्या नाहीत. त्या माझ्यापुढे बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी चाकाला हात लावला नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी जळू लागले. ज्या बाईंना गल्लीपलीकडचा रस्ता विचारावा लागे, त्यांना अमेरिकेतल्या राज्यांची नावे पाठ झाली. कुठल्या राज्यात कोण पुढे आहे हे त्या बोटांवर सांगत. मात्र माझ्या सुईखाली कोणाचा कपडा आहे, हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. एकदा त्यांनी एका फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. त्या मुलीची आई फ्रॉक घेऊन परत आली आणि म्हणाली, "बाई, माझ्या मुलीला दोन डावे हात आहेत का हो?" बाईंचा चेहरा पडला. आणि मला, खरे सांगते, आतून गुदगुल्या झाल्या. जा आणखी अमेरिकेच्या नादी, असे मी मनात म्हटले. कापड पुढे सरकवणाऱ्या माझ्या दात्यांत धुरळा साठत होता, पट्टा सैल पडून घसरत होता, पण बाईंना त्याची दखल नव्हती. ज्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते, त्या निवडणुकीला त्यांनी आपले सारे मन देऊन टाकले होते.

मुलीचा फोन आठवड्यातून एकदा येई.

"तू परत ये गं," बाई म्हणत.

"आई, वॉर्डात आम्ही चौघीच उरलोय. मी निघाले तर तिघी उरतील."

"मग ती निवडणूक होईपर्यंत तरी जपून राहा. त्यानंतर काहीतरी बदलेल."

"इथले पेशंटही तेच म्हणतात. भूल द्यायच्या आधी एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, सिस्टर, मी शुद्धीवर येईपर्यंत अमेरिकेचा निकाल लागेल का? मी म्हटलं, आजोबा, तुम्ही शुद्धीवर या, बाकीचं बघू."

बाई हसल्या आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसत बसल्या. मला त्या म्हाताऱ्याचाही हेवा वाटला. त्याची सुद्धा आठवण निघते या घरात, मी काय नुसते फर्निचर आहे?

मोजणीचा दिवस उजाडला. आमच्याकडे सकाळ होती. बाईंनी फोन माझ्या पाठीवर उभा केला आणि एक पांढरा सदरा शिवायला घेतला. एक डोळा सुईवर, एक आकड्यांवर. पाय मात्र सवयीने चालले होते. फोनवर काहीतरी मोठ्याने जाहीर झाले, बाईंनी मान वळवली आणि माझी सुई त्यांच्या तर्जनीत घुसली.

लपवत नाही. क्षणभर मला बरे वाटले. आता तरी माझ्याकडे बघतील! आणि त्यांनी बघितले. चेहरा पांढराफटक, ओठ दाताखाली. त्यांनी दुसऱ्या हाताने चाक हळूच उलटे फिरवले आणि सुई वर घेतली. सदऱ्यावर रक्त उतरले. माझ्या जिवाला इतकी शरम कधी वाटली नव्हती. ज्या हातांनी मला पोसले, तेच मी टोचले होते.

घड्याळजी धावत आले. त्यांनी बोट धुतले, पट्टी बांधली. बाई विचारत होत्या, "कोण आला?"

"पहिला. शस्त्रं बंद करणारा."

"मग आता थांबेल ना?"

"खुर्चीत बसायला त्याला जानेवारी उजाडेल, बाई. तोवर जुनाच कारभार."

मधले ते दिवस सगळ्यात वाईट गेले. नवा माणूस येण्याआधी जमेल तेवढे हिसकावून घ्यायचे म्हणून दोन्ही बाजू इरेला पेटल्या. तोफा वाढल्या. एकदा तर पाच दिवस मुलीचा फोन आला नाही. बाईंनी माझ्यावर चादर टाकली आणि स्टुलावर बसून राहिल्या. त्या अंधारात मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या पाच दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गुळगुळीत फोनची विनवणी केली. अरे, वाज. माझी जागा घे, माझा उजेड घे, पण एकदा वाज.

सहाव्या दिवशी दुपारी तो वाजला.

"आई, मी बरी आहे. आमच्या पूर्वेकडच्या काचा गेल्या, बाकी काही नाही. ऐक, लाइन जाईल. तू मला पेशंटसाठी शर्ट शिवून देशील? इथं कोणाला हात वर करता येत नाही, कोणाच्या खांद्याला सळया आहेत. डोक्यातून कपडे घालता येत नाहीत. कापून काढावे लागतात."

बाई उठून उभ्या राहिल्या. "दोन्ही बगला उघड्या ठेवू? कमरेपासून बाहीच्या टोकापर्यंत? आणि बटणं नकोत, नाड्या लावू. एका हातानं सुटतील अशा."

"हो आई, अगदी तसंच!"

चादर माझ्या अंगावरून निघाली. बाईंनी माझे दाते ब्रशने साफ केले, पट्टा आखडून घेतला. पट्टी बांधलेले बोट वर धरून त्या सकाळ-संध्याकाळ शिवत राहिल्या. कापून द्यायला घड्याळजी बसले. त्यांची कात्री वाकडी चाले आणि बाई त्यांना रागावत. सुटीवर आलेल्या एका नर्सबरोबर साठ शर्टांचे गाठोडे रवाना झाले. त्या दिवसांत बातम्या चालू असत, पण बाईंचे पाय आता थबकत नव्हते.

जानेवारीत नवा अध्यक्ष खुर्चीत बसला. शस्त्रे बंद झाल्याची बातमी आली. काही आठवड्यांनी ती पुन्हा थोडी सुरू झाली. बोलणी झाली, फिसकटली, परत ठरली. शहर पडले नाही आणि लढाईही थांबली नाही. घड्याळजी येऊन म्हणाले, "माझे सगळेच अंदाज चुकले हो." बाई म्हणाल्या, "बसा. चहा घ्या."

मुलगी आली ती एप्रिलमध्ये. कुठल्या अध्यक्षामुळे नव्हे. वॉर्डात दोन नव्या नर्सेस रुजू झाल्या आणि तिची रजेची पाळी लागली, म्हणून. वाळली होती, आणि बाहेर मोटारीचे दार आपटले तरी दचकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ पाय दुमडून बसली. बाई एका शर्टाची बाही जोडत होत्या. मुलीने माझ्या चाकावर बोट फिरवले.

"आई, लहानपणी मला या मशीनचा फार राग यायचा."

"राग? का गं?"

"शाळेतून आले की मला तुझी पाठच दिसायची. काही सांगायला लागले की तू म्हणायचीस, थांब, एवढी शिवण होऊ दे. मला वाटायचं, ही मोडावी एकदाची. एकदा मी हिची सुई काढून खिडकीतून फेकून दिली होती."

"अगं, ती तू फेकलीस? मी दिवसभर जमीन चाचपत होते!"

दोघी खूप हसल्या. मी मात्र गारठून गेले. त्या घरात आपल्यावर अन्याय होतो, असे मी वर्षभर घोकत होते. आणि माझ्यामुळे त्याच खोलीत एक लहान मूल पाठीकडे बघत उभे होते, हे मला कधी दिसलेच नव्हते.

बाईंचे हसू हळूहळू ओसरले. त्यांनी पायडलवरून दोन्ही पाय उचलले, स्टूल मुलीकडे वळवले आणि म्हणाल्या, "आता सांग. तेव्हा काय सांगायचं होतं ते."

"आता कुठलं आठवायला, आई?"

"आठवेल ते सांग. तिकडचं सांग. मी कुठे जात नाही."

आणि मुलगी बोलू लागली. वॉर्डाचे, काचांचे, त्या म्हाताऱ्याचे. तो शुद्धीवर आला होता. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेले तरी ती बोलत होती. अर्धी बाही माझ्या सुईखाली तशीच होती. मला हेवा वाटला का? वाटला, खोटे कशाला बोलू? पण त्यात पूर्वीचा जाळ नव्हता. पंधरा दिवसांनी मुलगी परत गेली. ते युद्ध अजून चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला अडगळीत टाकू नका. महिन्यातून दोन थेंब तेल घाला, तेवढ्यावर ती वर्षानुवर्षे चालेल. माणसाचे मात्र दोन थेंबांवर भागत नाही. म्हणून तुमच्याशी बोलायला कोणी शेजारी येऊन बसले, तर हातातले काम बिनदिक्कत थांबवा. अर्धी शिवण सुईखाली कितीही दिवस राहते. तिला कुठे जायचे नसते.