पीवळा रंग संपला

बुधवारी सकाळी ती स्टुडिओत शिरली, तेव्हा बाबा पॅलेटवरचा वाळलेला रंग सुरीनं खरवडत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "या मास्तरीणबाई! वही टेबलावर आहे. किती मार्क देताय?"

"नापास. नेहमीसारखे."

स्टुडिओतला दिवस कसा गेला, ते बाबा रोज वहीच्या एका पानावर मांडत. वर जलरंगातलं छोटं चित्र, खाली एक-दोन ओळी. कधी खिडकीत सुकणारे ब्रश, कधी रुसून भिंतीकडे तोंड केलेला कॅनव्हास. चित्रात हात सोन्याचा, पण ऱ्हस्व-दीर्घाशी उभं वैर. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. चूक दिसली की तिचा हात शिवशिवायचा. लाल पेनानं वही दुरुस्त केल्याशिवाय ती बाहेर पडत नसे.

त्या दिवशी लिहिलं होतं, 'पीवळा रंग संपला. ऊद्या आणणे.' तिनं दोन ठसठशीत गोल केले आणि पर्स उचलली.

"अगं, चित्र कसं झालंय?"

"आल्यावर बघते," ती जिन्यावरून ओरडली. संध्याकाळी ती परस्पर घरी गेली.

गुरुवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

महिन्याभरानं त्यांचा जुना मित्र, फ्रेमवाला, आला. वह्यांचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात होतं. चार-पाच पानं उलटून तो थबकला. "हे लाल काय गिरबटलंय? लहान पोराच्या हातात दिली होती की काय वही?"

"मी केलंय ते," ती म्हणाली. "निघेल का?"

त्यानं बोट ओलं करून एका गोलाच्या कडेला टेकवलं. लाल तसंच राहिलं. शेजारचं निळं आकाश मात्र बोटाला लागून आलं. "नाही गं," तो हळूच म्हणाला आणि वही मिटून निघून गेला.

तिनं शेवटचं पान उघडलं. उन्हानं भरलेल्या खोलीत टेबलावरच्या वहीवर वाकलेली एक बाई, पाठमोरी. मान किंचित डावीकडे कललेली. पिवळा तिच्या पाठीवरच संपला होता. खालचं ऊन नुसत्या पेन्सिलीचं. लाल गोल तिच्या पावलांवरून गेला होता.

तिनं मागची पानं चाळली. ब्रशांच्या आड, दारात, आरशाच्या कोपऱ्यात, जिथं तिथं तीच.

रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी तुमची चित्रं कधी बघितलीच नाहीत. एकसुद्धा नाही."